चारशे बारावी ओळ

कुणाचं काही बिघडलं की मला पत्र येतं. सगळं सुरळीत चाललेलं असलं की येत नाही. त्यामुळे जगाचं कसं चाललंय ते मला माझ्या मेलबॉक्सवरून कळतं, आणि खरं सांगायचं तर जग थोडंसं बिघडलेलं असलं की मला बरं वाटतं. हे काही चांगलं लक्षण नव्हे, पण आहे ते आहे.

मी एक पॅकेज सांभाळतो. पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये आयतं वापरावं म्हणून लिहिलेला कोड. माझं पॅकेज थंड खोल्यांतले आणि शीतकपाटांतले थर्मामीटर वाचतं, आकड्यांची सरासरी काढतं, आणि गारवा कमी झाला की बोंब ठोकतं. बस, एवढंच. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीत असताना लिहिलं. पुढे कंपनीला ते नकोसं झालं, म्हणून रीतसर परवानगी घेऊन घरी आणलं, आणि निवृत्त झाल्यावर तेच माझं ऑफिस झालं. फुलांची गोदामं, दुधाचे टँकर, औषधांची दुकानं, मासळीचा एक कारखाना, एक रक्तपेढी, आणखी कुठे कुठे ते चालतं देव जाणे. फुकट आहे, कुणीही न्यावं.

फुकट होतं, पण उघडं नव्हतं. लोकांच्या हाती जातं ते यंत्राला कळेल असं दळलेलं पीठ. मूळ ओळी, नावं, कडेला लिहिलेल्या टिपा, यातलं त्यात काही उरत नाही. प्रोग्रॅम मध्येच कोसळला की त्या बिचाऱ्यांना दिसतो फक्त एक लांबलचक आकडा. तो आकडा कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीचा, हे सांगणारी एक वेगळी फाइल असते. तिला आपण नकाशा म्हणू. शहाणी माणसं हा नकाशा आणि सोर्स, म्हणजे त्या मूळ ओळी, दोन्ही पॅकेजबरोबर जाहीर ठेवतात, म्हणजे ज्याला गरज आहे त्याने चुका शोधणारा डीबगर लावावा, थेट आत शिरावं, ओळीमागून ओळ चालत जावं आणि चूक आपल्या डोळ्यांनी बघावी. मी तसं केलं नव्हतं. सगळ्या व्हर्जनांचे नकाशे माझ्या घरी, आतल्या खोलीतल्या जुन्या मशीनवर. लोक मला आकडा पाठवायचे, मी ओळ शोधायचो आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचो. त्याच दिवशी, हा माझा नेम होता.

या लोकांना मी कधी पाहिलेलं नाही, पण नावं ठेवलेली होती. गोदामवाला ‘नमस्कार’सुद्धा न लिहिता नुसता आकडा फेकायचा, जसं काही मी त्याच्या घरचं खातो. मासळीवाला आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि मग तीन पानं स्वतःच्या गुडघ्याबद्दल लिहायचा. आणि रक्तपेढीवाली. तिचं पत्र नेहमी नीटनेटकं: काय झालं, केव्हा झालं, त्याआधी काय झालं, आम्ही काय करून पाहिलं. अशी पत्रं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत. सकाळी साडेनऊला चहा घेऊन मशीनपुढे बसायचो तेव्हा तिचं पत्र असलं तर मी ते शेवटी वाचायचो, जेवणात आवडीची भाजी शेवटाला ठेवतात तसं.

घरात मी एकटाच. बायको जाऊन चार वर्षं झाली. लेक दुसऱ्या शहरात, रविवारी अकरा वाजता फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गॅस बंद करता ना, अशी यादी संपते आणि मग आम्ही दोघंही ‘बरं मग’ म्हणतो. दहा मिनिटं. कधी नऊ.

बायको माझ्या मशीनला ‘साहेब’ म्हणायची. “साहेबांनी सोडलं का जेवायला?” असं स्वयंपाकघरातून विचारायची. मी म्हणायचो, “पाच मिनिटं.” ती म्हणायची, “साहेबांची पाच की घड्याळातली पाच?” आयुष्यभर चाललेला विनोद होता हा. आता जेवायला कुणी बोलवत नाही, आणि भूक लागली की नाही हेसुद्धा मला कधीकधी मुद्दाम आठवावं लागतं.

तर मुद्दा असा, की रक्तपेढीवालीने एके दिवशी लिहिलं:

“सर, एक विनंती. तुमच्या पॅकेजचे नकाशे आणि सोर्स जाहीर करता येतील का? दर वेळी तुम्हाला त्रास देणं बरं वाटत नाही. आणि तुम्ही कधी आजारी असलात, बाहेरगावी असलात, तर आम्ही काय करायचं? आमच्याकडे रक्त आहे, सर. ते थांबत नाही.”

त्रास म्हणे. मी दोन दिवस त्या पत्राला उत्तर दिलं नाही, माझा नेम मोडला. मग लिहिलं की कोड जुना आहे, साफसफाई करायची आहे, सवडीने करू. गोदामवाल्यालाही तिने फितवलं असावं, कारण त्याचंही पत्र आलं, या वेळी ‘नमस्कार’सकट. मासळीवाल्याने लिहिलं की आजकाल सगळेच असं करतात, तुम्हीच काय ते झाकली मूठ घेऊन बसलात.

मला राग आला. गरज सरो, वैद्य मरो. एकदा का मी नकाशे वाटले, की आपापली चूक आपणच शोधतील, आणि मग सकाळी साडेनऊला मी कुणाची पत्रं उघडू? वीजकंपनीची? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आता लपवण्यात अर्थ नाही. लोकांना माझी गरज पडावी म्हणून मी त्यांना आंधळं ठेवलं होतं.

मात्र हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं मला नोव्हेंबरात भेटलं.

रक्तपेढीचा प्रोग्रॅम कोसळायला लागला. आठवड्यातून दोनदा, मग रोज. कोसळला की थर्मामीटर वाचले जात नाहीत, आणि मधल्या वेळात कपाट गरम झालं की नाही हे कुणी सांगू शकत नाही. तिने आकडा पाठवला. मी नकाशा उघडला, आणि त्याने बोट ठेवलं चारशे बाराव्या ओळीवर.

कुठली फाइल, कुठली ओळ, हे मला न उघडता आठवलं.

मला एक खोड आहे. कोड लिहिताना मी कडेला टिपा लिहितो. टिपा सगळेच लिहितात, हे अमुकसाठी, ते तमुकसाठी. माझ्या टिपा भरकटतात. ‘गुडघा ठणकतोय, ही अट उद्या बघू.’ ‘लेकीचा निकाल लागला, आज एवढं पुरे.’ ‘हिने दोन घास जास्त खाल्ले.’ यंत्राला टिपांशी देणंघेणं नसतं, दळताना त्या गळून जातात. एकोणीस वर्षांत ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचली नव्हती, म्हणून तर मी ती लिहीत गेलो. तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही.

चार वर्षांपूर्वीची ती दुपार. बायको सहा महिन्यांपासून हृदयाच्या दुखण्याने अंथरुणावर, बाहेरच्या खोलीत. डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाले होते की आता प्रकृती सावरतेय. मी आतल्या खोलीत सरासरी काढायचं फंक्शन लिहीत होतो. चारशे चौथी ओळ अशी आहे: ‘हिने हाक मारली. एवढं संपवून जातो.’ मग सहा ओळी कोड. मग चारशे अकरावी: ‘दुसरी हाक. आलोच.’ आणि तिच्याखाली चारशे बारावी, जिथे सगळ्या आकड्यांच्या बेरजेला आकड्यांच्या संख्येनं भागलं आहे.

भागलं, आणि तेवढ्यावर थांबलोही नाही मी. बिल्ड केलं, म्हणजे कोड दळून काढला. चाचण्या लावल्या. त्या एकामागून एक पास होऊन हिरव्या होताना बघत बसलो. सगळ्या हिरव्या झाल्या, मग खुर्चीतून उठलो.

ती गेली होती. चष्मा नाकावर तसाच होता.

लेक संध्याकाळच्या गाडीने आली. दारातच तिने विचारलं, “तुम्ही होतात ना तिच्याजवळ?” मी म्हणालो, “होतो. हात हातात होता माझ्या. शांत गेली.” लेक माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग आत गेली. पुढे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना मी हेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की तो हात मला आठवायलाही लागला.

तीन आठवड्यांनी मी ते व्हर्जन पाठवून दिलं, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. आणि रक्तपेढीच्या तपासनीसांनी नेमकं तेच व्हर्जन मंजूर केलं. त्यांच्याकडे एकदा मंजूर झालं की कागदपत्रांचं दिव्य केल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून चार वर्षं ते लोक त्याच दुपारचा कोड चालवत होते.

मी फंक्शन दहा वेळा वाचलं. चूक असणार तिथेच, हे कळत होतं, पण माझ्या मशीनवर ते काही केल्या कोसळेना. मी तिला लिहिलं: ओळ अमुक, इथे भागाकार आहे, तुमच्याकडून काहीतरी विचित्र आकडा येतोय. तिने लिहिलं: कुठल्या थर्मामीटरकडून? कुठला आकडा? आमच्याकडे बत्तीस थर्मामीटर आहेत, सर, आणि हे मशीन बाहेरच्या जगाशी जोडलेलं नाही, त्यामुळे हाताने उतरवलेल्या आकड्यापलीकडे मी तुम्हाला काही पाठवू शकत नाही. मला इथेच डीबगर लावून आत शिरावं लागेल. फक्त ही एक फाइल आणि तिचा नकाशा द्या. बाकीचं राहू द्या तुमचं.

एक फाइल. हजार फाइलींमधली एक तिने मागितली, आणि तीच मला द्यायची नव्हती. ती फाइल उघडली की डीबगर चारशे बाराव्या ओळीवर थांबणार, ती ओळ पिवळी होणार, आणि तिच्या डोक्यावर, ठळठळीत, ‘दुसरी हाक. आलोच.’ वर आठ ओळींवर पहिली.

मग मी शहाणपणा केला. आपल्याला वाटतं, चाळीस वर्षं या धंद्यात घालवली म्हणजे आपण काय ते अक्कलवान. मी त्या दोन टिपा पुसल्या, आणि त्यांच्या जागी कोऱ्या ओळी सोडल्या, म्हणजे ओळींचे क्रमांक हलणार नाहीत. चारशे बारावी चारशे बारावीच राहिली. फाइल पाठवून दिली आणि निवांत चहा प्यायलो.

तासाभरात फोन वाजला. अनोळखी नंबर. तोपर्यंत आम्ही कधी बोललो नव्हतो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा वयस्क निघाला, थकलेला.

“सर, मी रक्तपेढीतून बोलतेय. फाइल जुळत नाही म्हणतंय हो. तुम्ही त्यात काही बदल केलाय का?”

आणि मला आठवलं. नकाशा तयार होताना प्रत्येक फाइलचा ठसा त्यात घेतला जातो, अंगठ्याच्या ठशासारखा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी डीबगर म्हणतो, ही ती फाइल नव्हे. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर अक्कलही शिल्लक नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “काही बदल नाही.”

“मग असं का? जुळत नसली तरी चालवून घे, असं सांगता येतं मला त्याला. पण मग मी बघतेय ते खरं कशावरून? तपासनीस उद्या हेच विचारतील.” मागे कुठेतरी एक यंत्र घरघरत होतं. “सर, रागावू नका. गेले अकरा दिवस आम्ही दर अर्ध्या तासाला सगळी कपाटं हाताने तपासतोय. तिघी जणी आळीपाळीने. काल माझी एक सहकारीण जेवायला बसली आणि पंचवीस मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात प्रोग्रॅम पडला होता. कपाट गरम झालंच नसेल कदाचित. पण नसेल म्हणून चालत नाही ना. बेचाळीस पिशव्या फेकल्या.”

मी चहाचा रिकामा कप बाजूला सरकवला.

“त्यात एका दुर्मीळ गटाच्या दोन होत्या,” ती म्हणाली. “ती मुलगी आता बसून रडतेय की मी जेवायला का बसले. तिला काय सांगू?”

“एक तास द्या,” मी म्हणालो. “मूळ फाइल शोधतो.”

शोधायचं काय होतं? रिपॉझिटरीत, जुन्या प्रतींच्या साठ्यात, ती त्या दिवशीच्या तारखेसकट तशीच होती. मी खुर्चीत बसून राहिलो. पंचवीस मिनिटं जेवायला बसलेल्या त्या मुलीचा विचार करत राहिलो. ती निदान रडत तरी होती, चारचौघींत. मी चार वर्षं हात हातात होता म्हणून सांगत फिरत होतो.

मग वाटलं, एकच फाइल गुपचूप तिला देऊ. तेवढ्यावर भागलं असतं. पण उद्या दुधाच्या टँकरवाल्याचा प्रोग्रॅम असाच पडेल, परवा औषधांच्या दुकानाचा, आणि मी तोपर्यंत त्याच खुर्चीत बसून माझी ओळ राखत असेन. बुधवार होता, सकाळचे सव्वाअकरा. मी सगळं उघडं केलं. सगळ्या व्हर्जनांचे नकाशे, सगळा सोर्स, एकोणीस वर्षांच्या टिपांसकट. कुठलं व्हर्जन कुठल्या दिवशीच्या कोडपासून बनलं तेही जोडून दिलं, म्हणजे कुणाचाही डीबगर थेट त्या पानावर जाऊन उभा राहील. शेवटचं बटण उरलं. दाबलं. यंत्राने नेहमीसारखं ‘झालं’ म्हणून सांगितलं.

तिला दोनच शब्द लिहिले: बघा आता.

पुढचा सव्वा तास मी काही केलं नाही. उठून बाहेरच्या खोलीत गेलो, तिथला पलंग चार वर्षांपूर्वीच काढून टाकलाय, तिथे आता कपडे वाळत घालायचा स्टँड असतो. त्यावरचे वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. परत आत आलो. ती आता वाचत असेल, असं दर मिनिटाला वाटत होतं. कुठल्याशा गार खोलीत, स्वेटर घालून, एक परकी बाई माझी पहिली हाक वाचत असेल. मग सहा ओळी. मग दुसरी.

पत्र आलं साडेबाराला.

“सर, सापडलं. सतरा नंबरच्या कपाटाचं दार नीट लागलं नाही की त्याचा थर्मामीटर काहीच पाठवत नाही. मग आकड्यांची संख्या शून्य होते, आणि आपण शून्याने भागतो. तिथे एक अट हवी होती. आज दाराची कडी बदलून घेतेय, तेवढ्यावर सध्याचं काम भागेल. तुमच्या पुढच्या व्हर्जनसाठी दुरुस्ती सोबत पाठवली आहे, एकच ओळ आहे. वरच्या टिपांना मी हात लावलेला नाही.”

खाली थोडी जागा सोडून लिहिलं होतं: “बाकी फाइलींत सगळीकडे तुम्ही शून्याची अट घातली आहे. मी बघितलं. फक्त इथेच राहिली.”

एवढंच. ना सांत्वन, ना प्रश्न. मी ते पत्र तीनदा वाचलं. ती वाचून गेली होती आणि तिला सगळं कळलं होतं. आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली, की जे एका परक्या बाईला माहीत आहे ते माझ्या पोटच्या पोरीला माहीत नाही.

लेकीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

“बाबा? काय झालं?”

बुधवारी दुपारी फोन म्हटल्यावर घाबरणारच ती. “काही नाही. मी बरा आहे,” मी म्हणालो. “कामात आहेस का?”

“आहे. बोला ना. पडलात का कुठे?”

“नाही गं. ऐक. मी तुला एक खोटं सांगितलं होतं.” मी थांबलो असतो तर पुन्हा सुरू करू शकलो नसतो, म्हणून एका दमात बोलत गेलो. “आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. हात वगैरे काही हातात नव्हता. मी आतल्या खोलीत काम करत होतो. तिनं हाक मारली आणि मी गेलो नाही. कोड लिहीत बसलो. ते तेव्हाच मी कोडमध्ये टिपून ठेवलं होतं, हाक मारली म्हणून. आज तो सगळा कोड जाहीर केला. आता कुणीही वाचू शकतं. म्हटलं, तुला आधी… म्हणजे आधी नाही, पण तुला सांगायला हवं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. ती बहुतेक कुठल्यातरी रिकाम्या खोलीत गेली असावी.

“किती वेळा?” तिने विचारलं.

“काय किती वेळा?”

“हाक. किती वेळा मारली तिनं?”

“दोनदा.”

“तीनदा, बाबा.”

मला काही समजेना. मी म्हणालो, “तुला काय माहीत?”

“मी फोनवर होते.” तिचा आवाज अगदी सपाट होता, रविवारी गोळ्यांची चौकशी करतानाचा. “तिला कसंतरी होत होतं म्हणून तिनं मला फोन लावला होता. मी म्हटलं, आधी बाबांना बोलव. तिनं पहिली हाक मारली. मग दुसरी. दुसरीला तुम्ही आतून ‘आलो’ म्हणालात, ते ऐकलं मी. ती म्हणाली, येतायत बघ, ठेव तू, तुझं काम असेल. मी बरं म्हटलं. आणि ठेवता ठेवता ऐकलं, तिनं परत हाक मारली. हळू. मला ऐकू आली ती. आणि तरी मी ठेवला फोन. मीटिंग होती माझी.”

मी मशीनपुढे उभा होतो. खुर्ची मागे होती, पण बसायचं सुचलं नाही.

“दारात मी तुम्हाला विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, हात हातात होता. मग मी काय बोलणार होते? चार वर्षं दर रविवारी वाटायचं, आज विचारतील, आज सांगतील. मग तुम्ही म्हणता, बरं मग.”

“तूही म्हणतेस.”

“हो. मीही म्हणते.”

ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. मी रडत होतो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही उभ्याने, एका हातात फोन धरून, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. तिसरी हाक हळू होती म्हणाली. मला ऐकू आली नव्हती. की आली होती आणि चाचण्या हिरव्या होत होत्या म्हणून मी ती ऐकली नव्हती, हे आता मला कधीच कळणार नाही.

मग तिने विचारलं, “ते तुम्ही पुसणार तर नाही ना? कोडमधलं?”

“जुन्या व्हर्जनातलं पुसता येत नाही. ठसा जुळत नाही मग.”

“आणि नव्यातलं?”

“नव्यात बदलता येतं.”

“मग तिथे तिसरी घाला,” ती म्हणाली. “आणि मी होते तेही घाला.”

“घालतो,” मी म्हणालो. “दुपारी बसतो.”

“दुपारी नको, बाबा. आत्ता घाला. मी थांबते फोनवर.”